अर्धा रिकामा ताटवा

गांगुर्डे बाईंची नखं कायम हिरवट-काळी असायची. आमच्या नाशिक रोडच्या शाळेत पहिला तास त्यांचा, मराठीचा. मखमलाबादला भावाच्या मळ्यात पहाटे शेवंती तोडायची, टोपल्या फुलबाजारात रवाना करायच्या आणि मग दोन बस बदलून शाळा गाठायची, असा त्यांचा नेम होता. "बाईंनी नेलपॉलिश बदललं वाटतं," असं आम्ही मुली मागे कुजबुजायचो. त्यांना ऐकू जायचं. "फुकटचंय, कुणाला पाहिजे का?" म्हणत त्या फळ्याकडे वळायच्या.

दहावीला एक जुनी, नावाजलेली निसर्गकविता होती. हिवाळ्यातली सकाळ, दवाने भिजलेला शेवंतीचा मळा, आणि शेवटच्या कडव्यात कवीला दिसतं की अर्धा ताटवा रिकामा आहे. का रिकामा, ते तो सांगत नाही. गाइडात उत्तर तयार होतं: ‘येथे कवीने जीवनाची क्षणभंगुरता सूचित केली आहे.’ मी वर्गात पहिली येणारी, तेव्हा उभी राहून ते खडाखडा म्हणून दाखवलं.

"क्षणभंगुरता तू कुठं पाहिलीस, वर्षा?" बाईंनी विचारलं.

"गाइडात."

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यांच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे आज कळतं. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"अर्थ हवा असेल तर आधी तिथं जाऊन उभं राहावं," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. खुशीत आल्या की बोली मळ्याकडे वळायची. "कवितेला घाई करू नये. ती काय पळून जात नाय." डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांनी आम्हा दहा-बाराजणांना मळ्यातच बोलावलं. पहिल्या बसने आम्ही कुडकुडत पोचलो. बाई आणि त्यांची वहिनी कधीच्या कामाला लागल्या होत्या. वहिनी मधूनच बोटांवर फुंकर घालायची आणि पुन्हा झाडांत वाकायची.

"उतरा खाली. बोटं बधिर झाली की सांगा, मग कविता वाचू," बाई म्हणाल्या. सगळे उतरले. मी नवे कॅनव्हासचे बूट घालून बांधावरच उभी राहिले.

"उतर गं. बूट वाळतात."

मी उतरले नाही. त्यांनी आग्रह केला नाही.

जानेवारीतल्या सराव परीक्षेत त्या कवितेवर मला चारपैकी दोन मार्क मिळाले. दोन मार्क म्हणजे आमच्या घरी सुतकच. बाबांनी आणखी चार पालक गोळा केले, आणि बाईंकडून दहावी काढून घ्यावी असा मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचं ठरलं. मराठी चांगलं कुणाचं? माझं. म्हणून अर्ज लिहायला मीच बसले. आणि ते चांगलं कुणी केलं होतं, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. "अर्जात जरा वजन पाहिजे," बाबा म्हणाले. तेव्हा मी एक वाक्य घातलं: ‘सदर दिवशी दवात भिजल्याने काही विद्यार्थी आजारी पडले.’ कुणाला साधी शिंकही आली नव्हती. ते वाक्य बाबांनी सांगितलं नव्हतं, ते माझं होतं.

बाईंना पाचवीचे वर्ग दिले. आमच्या वह्या परत करायला त्या शेवटचं वर्गात आल्या. माझी वही हातात ठेवताना म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे तुझं. जप." मुख्याध्यापकांनी अर्ज त्यांना दाखवला असणार, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. मी मान खाली घातली. बोर्डात मी क्षणभंगुरताच लिहिली आणि मराठीत शाळेत पहिली आले.

पुढे मीही शिकवायला लागले, नाशिक रोडच्याच एका क्लासमध्ये. तीच कविता, तेच उत्तर, दरवर्षी नव्या पोरांना लिहून द्यायचे. एका चाचणीत सोनाली नावाच्या मुलीने लिहिलं: ‘बायकांनी फुलं आधीच तोडून नेली होती. कवी उशिरा उठला.’ मी लाल रेघ मारून शून्य दिलं. ती वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, आमचा फुलांचा मळा हाय. उजाडल्यावर गेलं तर अर्धाच दिसतो. खरंच."

बोटांवर फुंकर घालणारी वहिनी मला तेव्हा दिसली. बांधावरून सगळं दिसत होतं. मी पाहिलं नव्हतं, इतकंच. सोनालीला चारपैकी चार दिले आणि रविवारी मखमलाबाद गाठलं. अर्ज लिहिला त्याला तेरा वर्षं झाली होती.

बाई ओट्यावर फुलं निवडत बसल्या होत्या. बोटं सांध्यांत वाकडी झाली होती, नखं तशीच. मी पाया पडले आणि पाठ करून आणलेली माफी बोलायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"अर्जाचं राहू दे. अक्षर तेव्हाच ओळखलं होतं मी. मला एवढंच सांग, आजारी कोण पडलं होतं?"

फुलं निवडता निवडताच त्या पुढे बोलत राहिल्या.

"पोरांच्या घरोघर जाऊन आले गं मी. सगळे म्हणाले, आमचं नाही. मला वाटलं, भिडेपोटी लपवतायत. कुणाच्या छातीत थंडी भरली असेल, कुणाचं काय झालं असेल. त्यानंतर एकाही पोराला दवात नेलं नाही मी. पुस्तकातूनच शिकवलं."

"कोणीच नाही, बाई. मी खोटं लिहिलं होतं."

त्या रागावतील म्हणून मी वाट पाहिली. रागावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. त्यांनी हातातलं फूल टोपलीत ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. "बरं झालं," म्हणाल्या. मग वहिनींना हाक मारून चहा टाकायला सांगितला.

चहा झाला, सोनालीचं उत्तर सांगून झालं. "कवी उशिरा उठला" ऐकून त्या पोटभर हसल्या. निघाले, बांधापर्यंत पोचले, तेवढ्यात मागून त्यांची हाक आली.

"वर्षा, नक्की ना गं? कोणीच नाही?"