किल्ल्यामागचा फिल्टर

बाबांना ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं, तेव्हा जिना उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "माशांकडे बघ." आई त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात राहणार होती. डोंबिवलीच्या घरात मी आणि माझ्या सोबतीला गावाहून आलेली आत्या, बाबांची थोरली बहीण. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात ते मी इंग्रजी पुस्तकात वाचलेलं होतं, त्यामुळे माझी भीती आत्याच्या भीतीपेक्षा जास्त होती.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर. लहानपणी गावाला दर दिवाळीत ते अंगणात किल्ला करायचे. आमच्या फ्लॅटला अंगण नव्हतं, म्हणून ती हौस त्यांनी हॉलमधल्या फिशटँकमध्ये भागवली होती. शहाडला नदीवरून आणलेल्या काळ्या दगडांची तटबंदी, दोन बुरूज, मधे दरवाजा. पाणी खेचून गाळणारा आणि परत सोडणारा फिल्टर म्हणजे काळा प्लास्टिकचा डबा, त्याला वायर. गडावर असलं काही दिसता कामा नये, म्हणून तो त्यांनी तटामागे तळाशी लपवला होता. घरी येणारे किल्ल्याचं कौतुक करायचे. माशांबद्दल फारसं कोणी बोलायचं नाही.

मासे केशरी होते, एक तेवढा काळा. बाबा मुंबईला गेले त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन सांगून गेल्या की घरातला मासा मेला तर वाईट वाटून घेऊ नये, माणसावर आलेलं तो स्वतःवर घेतो. धीर द्यायला म्हणूनच सांगितलं त्यांनी. माझ्या डोक्यात मात्र उलटंच बसलं. मासा मेला म्हणजे ते दारापर्यंत आलं.

शुक्रवारी आमच्याकडे नेहमीप्रमाणे लाइट गेली आणि फिल्टर बंद पडला. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. संध्याकाळी लाइट आली, फिल्टरची घरघर सुरू झाली, तरी ते खाली गेले नाहीत. सकाळी काळा मासा पुढच्या कोपऱ्यात काचेला टेकून, तिरपा, तोंड पाण्याच्या वर काढून होता. ऑपरेशन सोमवारी होतं.

फिल्टर बिघडला असावा असं मला वाटलं. पण तटामागे पाणी उसळत होतं. पुढे मात्र टाकलेलं खाणं पडल्या जागी पडून होतं, झाडाचं पानही हलत नव्हतं. आत्या चिवड्यासाठी कुरमुरे निवडत होती. त्यातला एक मी तटामागे टाकला, तो गरगरला. दुसरा पुढे टाकला, तो होता तिथेच थांबला. पाणी फिरत होतं, पण किल्ल्याच्या मागच्या मागेच.

स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात गेले. आत सगळे पुरुष, मला विचारायचा धीर झाला नाही. माशांच्या खाण्याची पुडी मागितली आणि दुकानदार ती काढेपर्यंत ओळीने सगळे टँक पाहून घेतले. प्रत्येकात फिल्टर बाजूच्या अरुंद काचेवर, वरच्या अंगाला. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, धार टँकच्या लांबीच्या दिशेने. कुठेही त्याच्यासमोर दगड नव्हता.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, त्याने हौसेने मांडलंय, तो नसताना हलवू नये. मग तिने काळ्या माशाकडे बघितलं आणि कुरमुऱ्यांचं ताट बाजूला सारलं.

खरी भीती त्यानंतरची. लहानपणी मला इस्त्रीचा झटका बसला होता, तेव्हापासून मी ओल्या हाताने बटणाजवळही जायचे नाही. पिन बोर्डातून काढून ठेवली, रबरी चपला घातल्या, तरी हात पाण्यात जाईना. आत्या स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली आणि माझ्यामागे उभी राहिली.

"घाल हात. चिकटलीस तर हाणते."

"आत्या, पिन काढलीय."

"असू दे गो बाय. मी उभी आहे."

हात घातला. पाणी कोमट, वायर गुळगुळीत शेवाळलेली. एक बुरूज ढासळला. फिल्टर वर घेतला, बाजूच्या काचेवर दाबला, त्याच्या रबरी वाट्या चिकटल्या. हात पुसून पिन लावली आणि मागे सरकले. पुढचा कुरमुरा हलला, काचेच्या कडेने लांबवर गेला, किल्ल्याला वळसा घालून परत आला. संध्याकाळपर्यंत केशरी मासे खाली गेले. काळा गेला नाही. रविवारी दुपारी मी कॉटवरून टँककडे मान वळवायला घाबरत होते, तेव्हा आत्याच म्हणाली, "गेला बघ तो किल्ल्याच्या दरवाज्यातून."

सोमवारी काकूंकडे फोन आला. बाबा शुद्धीवर होते.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ टँककडे पाहत राहिले. मी दाराशी उभी होते.

"फिल्टर दिसतोय," ते म्हणाले.

"दिसू दे," आत्या म्हणाली. "शर्टातून तुझे टाके दिसतायत, त्यांच्यापुढे कुठला किल्ला बांधणार आहेस?"

बाबा हसले आणि हसताना त्यांनी छाती हाताने दाबून धरली. तो हात खाली येईपर्यंत मी श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहिले.