पसंत करणारी बाई

लेकीने ते पुस्तक गाडीच्या मागच्या सीटवर विसरलं नसतं, तर मी ते उघडलंही नसतं. ती युनिव्हर्सिटीत जपानी शिकते आणि तिच्या खोलीत इंग्रजीत भाषांतर झालेल्या जपानी कॉमिक्सचे ढीग असतात. मला वाटायचं, सगळी राक्षसांची नाहीतर शाळकरी पोरांची. त्या सकाळी पॉइंट कुकच्या घरून निघून स्टेशनच्या पार्किंगमध्ये पोचले, ट्रेनला बारा मिनिटं होती, म्हणून चाळायला घेतलं. ती ट्रेन गेली. पुढचीही गेली.

गोष्ट साधी होती. बेचाळीस वर्षांची, एकटी राहणारी बाई. ऑफिसातला प्रिंटर दुरुस्त करायला येणारा माणूस तिला आवडतो. पानंच्या पानं ती फक्त त्याच्याकडे बघते. दुमडलेल्या बाह्या, मनगटं, वाकल्यावर शर्टाची ताणलेली शिवण. तो तिच्याकडे बघतो की नाही, याची फिकीर चित्रं काढणारीला नव्हतीच.

ऑफिसात उशिरा पोचले आणि दिवसभर स्वस्थ बसवेना. समोरच्या डेस्कवरच्या माणसाची मनगटं दिसायला लागली. सहा वर्षं तो तिथेच बसतो.

माझं लग्न पुण्यात, बघून-दाखवून झालेलं. मी रंगानं डावी, म्हणून मला खिडकीपासून लांबच्या खुर्चीवर बसवायचं घरी आधीच ठरलं होतं. त्या तासाभरात मी फक्त समोरच्याचे मोजे पाहिले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडायला आलं होतं. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत आहे. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. मला मुलगा पसंत आहे का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मला तरी कुठे सुचलं होतं?

लेकीच्या खोलीतून मी आणखी चार पुस्तकं उचलली. जेवणाच्या सुट्टीत वाचायची, पार्किंगमध्ये वाचायची. वाचता वाचता काहीतरी खुपायला लागलं. या बायकांची कातडी म्हणजे कोरा कागद. शाई लावलीच नाही की बाई सुंदर. सावळी काढायची तर तिच्यावर ठिपक्यांची जाळी पसरावी लागते, आणि पाच पुस्तकांत ती जाळी एकदाच दिसली, नायिकेच्या विनोदी मैत्रिणीच्या चेहऱ्यावर. शिवाय कुणी आवडलं की या बाया पहिल्यांदा जेवण सोडायच्या.

पुस्तकांचा क्रम बदललेला लेकीच्या लक्षात आला. स्वयंपाकघरात येऊन तिने विचारलं, ती पुस्तकं मी वाचते का. मला घाम फुटला, कारण त्यांत अंथरुणातलीही पानं होती. भाजी ढवळत मी हो म्हटलं, आणि घाईघाईने ते जेवण सोडण्याचं बोलून टाकलं.

"यू नोटिस्ड," ती म्हणाली. "कुणी हवंसं वाटणं अलाउड आहे आई, पण आधी बारीक व्हायचं." मग जरा थांबून म्हणाली, "तू कधी कुणाकडे असं बघितलंयस? डॅडकडे?"

मी मिक्सर लावला.

दोन दिवसांनी तिने मला एका जपानी सिनेमाची लिंक पाठवली, सोबत एक शब्द नाही. मी अर्धा दिवस सुट्टी घेतली, घरी सांगितलं मीटिंग आहे, आणि सिटीतल्या थिएटरात एकटीच जाऊन बसले. पडद्यावर लाँड्रीत काम करणारी पन्नाशीची बाई होती. जाडजूड, गालांवर वांग, हात सुजलेले. ती एका माणसाच्या दारात जाते आणि तू मला हवा आहेस असं सरळ सांगते. तो नाही म्हणतो. परतताना ती पाव विकत घेते आणि चालता चालता खाते. त्यापुढे मला बसवेना. सिनेमा अर्धा टाकून मी बाहेर पडले.

घरी पोचले तेव्हा नवरा मागच्या अंगणात लिंबाला पाणी घालत होता. मी सरकत्या दाराशी उभी राहून त्याला बघत राहिले. मान उन्हाने रापलेली, पाठीला थोडा बाक आलेला, पोटऱ्या मात्र अजून तरुण पोरासारख्या. त्याने वळून विचारलं, लवकर कशी आलीस.

"तू मला पसंत केलंस. मी तुला केलं होतं का, हे कधी विचारलं नाहीस."

त्याने नळ बंद केला. म्हणाला, तुमच्याकडून होकार आला होता की. मी म्हटलं, तो बाबांचा होता.

तो बराच वेळ पाइप गुंडाळत राहिला. मला वाटलं चिडलाय, पण चेहरा पाहिला तर घाबरलेला होता.

"आणि आत्ता विचारलं तर?"

पटकन हो म्हणता आलं असतं. बावीस वर्षांची सवय होती. "थांब जरा," मी म्हणाले. "मला बघू दे."

आठवडाभर तो घरात पाहुण्यासारखा जपून वावरत होता, आणि मी कामं करता करता बघत होते. कधी मन त्याच्याकडे ओढ घ्यायचं, कधी नुसतीच चीड यायची, सगळ्या गेलेल्या वर्षांची. शनिवारी सकाळी तो ड्राइव्हवेत गाडी धूत होता. मी जवळ गेले आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. ती ऊन लागून गरम झाली होती. तो हळूच म्हणाला, शेजारी बघतील.

मी हात काढला नाही.