बाबलचा गोल

पेनल्टी मारण्याआधी बाबल गोलकीपरला विचारायचा, "खंय मारूं?" समोरचा चिडून एखादा कोपरा दाखवायचा आणि चेंडू त्याच कोपऱ्यात जायचा. गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या पार्से गावच्या मैदानावर आम्ही लहानपणापासून एकत्र खेळलो. मी पुढे बँकेत लागलो, तो फुटबॉलवर जगू लागला.

कोलकात्याच्या एका बड्या क्लबाने त्याला घेतलं, तेव्हा आमच्या स्पोर्ट्स क्लबाचे अध्यक्ष बँड घेऊन त्याच्या दारात आले. त्यांना सगळे भाई म्हणतात. हार झाले, फोटो झाले. "पेडण्याचें नांव काडलें!" भाई ओरडत होते आणि बाबल लाजून आईच्या मागे उभा होता.

तिकडे सुरुवातीचे सामने गोलाविना गेले. मग रोज पेपरात टिंगल, फोनवर दिवसभर शिव्या, त्याही आईवरून. "हांगा बॉल पांयाक लागचे आदीं लोकांचो आवाज लागता," तो मला म्हणायचा. पेनल्टी मिळाली की आता तो मान खाली घालून मागे सरकायचा.

न राहवून मी त्याला भेटायला कोलकात्याला गेलो. त्या दिवशी त्याने गोलासमोरचा मोकळा चेंडू बाहेर मारला. माझ्या पुढच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ लहान मुलीला मांडीवर घेऊन घाणेरड्या शिव्या देत होता. सामना संपल्यावर फाटकाशी तोच बाबलच्या तोंडावर थुंकला. थुंकून झाल्यावर मुलीला पुढे ढकललं आणि फोन काढला. सेल्फी हवा होता! बाबलने बाहीने गाल पुसला, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसला.

"हाणली का नाहीस एक?" मी विचारलं.

"चेडवाची कितें चूक? तिका फोटो जाय आसलो." मुलीला फोटो हवा होता, एवढंच त्याने पाहिलं.

हंगाम संपताच क्लबाने त्याला सोडलं. तो परतला तेव्हा बँड नव्हता. भाईंनी त्या हुकलेल्या गोलाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणारी तोंडं. मासळीबाजारात त्याच्या आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचें नाक कापलें." ती थुंकी कोलकात्यात राहिली असं मला वाटलं होतं. ती पार्सेपर्यंत पोचली होती.

यंदा ईशान्येकडच्या डोंगरातल्या एका लहान क्लबाने त्याला बोलावलं. मी त्याला मोपा विमानतळावर सोडायला गेलो. भाई कुणाला तरी आणायला आले होते. बाबलला पाहताच त्याच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी फोन उंचावला. बाबलने तो हात हळूच बाजूला केला.

"ना भाई. म्हजी आवय घरा एकटी आसा. आदीं तिच्याकडेन वचून बरें उलयात."

आधी आईशी जाऊन धड बोला, एवढंच त्याचं म्हणणं होतं. भाईंनी फोन खिशात घातला. बाबल आत गेला.

तिथल्या सामन्यांना ना टीव्ही, ना पेपरवाले. महिन्याभरात त्याचा फोन आला, "गोल जालो मरे!" मी धावत जाऊन त्याच्या आईला सांगितलं. गावात आणखी कुणाला सांगितलं नाही. त्या तोंडांत तो गोल मला द्यायचा नव्हता.