भोपळ्याला कोरलेलं तोंड

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास, माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांवर आमच्या घरात एका भोपळ्याने हल्ला केला. निजामाचा अंमल होता. भोपळा मी कोरलेला होता. (हल्ला हा शब्द पाहुण्यांचा. भोपळा प्रत्यक्षात जागचा हलला नव्हता.)

त्या आठवड्यात आमच्या गावाशेजारी, युसूफ वडगावच्या बाजारात फिरत्या सिनेमाचा तंबू पडला होता. मुख्य खेळ एका राजाचा होता, लांब आणि रडका. पण त्याआधी आठ मिनिटांचं एक विलायती चित्र दाखवत. त्यात माणसं नव्हती. सगळं हाताने काढलेलं, आणि तरी हलणारं! विलायतेत भुतांचा एक सण असतो, असं तंबूवाला दारात उभा राहून ओरडून सांगे. त्या सणाला तिकडचे लोक भोपळ्याला डोळे-दात कोरतात आणि आत दिवा ठेवतात. चित्रातल्या हाडांच्या सापळ्याचं मुंडकं हरवतं. तो ते हंड्यात शोधतो, कोंबडीखाली शोधतो, आणि शेवटी तो दिव्याचा भोपळाच मानेवर बसवून नाचायला लागतो. मग त्याला आरशात स्वतःचं तोंड दिसतं आणि तोच बोंब मारून पळत सुटतो!

आमच्याकडे भूत म्हटलं की लोक लिंबू शोधत. इथे भूतच घाबरलं होतं. माझ्या मागचा म्हातारा हसता हसता माझ्या पाठीवर पडला. मी राग धरला नाही, कारण मी पुढच्याच्या पाठीवर पडलेलो होतो. ते चित्र मी तीनदा पाहिलं. माझं वय बावीस होतं.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. आम्ही त्यांना आबा म्हणत असू.

“चितारलेलं भूत कसं नाचंल बे?” आबा म्हणाले. “पडद्याला वारं लागलं आसंल.”

“आबा, भोपळ्याचं तोंड हाय त्याला. आन आत दिवा!”

“तुझ्या तोंडात लावला आस्ता तर बरं झालं आस्तं.”

आबांना ते तोंड घरीच दाखवायचं, असं मी ठरवलं. गुरुवारी संधी मिळाली. चकलांब्याहून मुलाची आत्या आणि मामा माझ्या बहिणीला, कौसाला, पाहायला येणार होते. कौसाच्या दोन सोयरिकी पत्रिकेवरून फिसकटल्या होत्या. ही तिसरी. मुलगा तिने एका लग्नात लांबून पाहिला होता आणि तेव्हापासून ती घरात कारण नसताना गुणगुणत असे.

पाहुण्यांसाठी भोपळ्याची भाजी ठरली होती. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाई पहिला सुरा लावत नाही. भोपळा बळीच्या जागी धरतात, म्हणून आधी घरातल्या पुरुषाने चिरायचा.

“आबा रानात गेलेत,” आई म्हणाली. “तूच सुरा लाव. आन लवकर आण.”

सुरा एकदाच लावायचा होता. मी तो डोळ्यांसाठी दोनदा, नाकासाठी एकदा आणि दातांसाठी अकरा वेळा लावला. बुडाला मोठं भोक पाडून गर काढला, देठाजवळ धुराला वाट केली, आणि मधल्या घरात पेटत्या पणतीवर भोपळा ठेवून पाहिला. मधल्या घराला खिडकी नव्हती. भर दुपारी तिथे हात पुढे केला तर दिसत नसे. भोपळा फार उत्तम दिसला. पाहुणे पाचला येणार होते. ते चारला आले, आणि मी पणती विझवायची विसरून बैल सोडायला धावलो.

मामा ओसरीवर टेकले. आत्याबाईंना कुंकू लावायला कौसा मधल्या घरात घेऊन गेली.

आतून आलेली किंकाळी चावडीपर्यंत ऐकू गेली, असं पाटलांनी नंतर सांगितलं. मामा काठी घेऊन आत घुसले आणि त्यांनी अंधारात जोरदार तडाखा दिला. भोपळा वाचला. ताकाचा डेरा फुटला.

“रगत! आगं माय, रगत!” आत्याबाई ओरडल्या. (ते ताक होतं.)

नेमके तेव्हाच आबा रानातून आले. त्यांच्या हातात विळा होता.

“माणसाचं मुंडकं करून दिवा लावलाय आत!” मामा अंगणात येऊन ओरडले. “भानामती करता का वो तुमी?”

भानामती म्हणजे करणी. हा आळ घरावर आला की आमच्या भागात त्या घरची मुलगी कुणी करत नसे. ओसरीसमोर पंधरा-वीस माणसं जमली. आईने कपाळाला हात लावला. कौसा माझ्या कानाशी आली आणि शांतपणे म्हणाली, “दादा, ही बी मोडली तर त्याच भोपळ्यासंगं तुझं लगीन लावीन.”

मी सगळं कबूल केलं. तंबू, सापळा, कोंबडी, काहीही वगळलं नाही.

“चित्र नाचतंय म्हणं!” मामा म्हणाले. “पिऊन आलास का बे?”

आत्याबाई पदर पिळत होत्या. “न्हाई, दाखव आमाला. आसंल तर बोलनी पुढं. नसंल तर गाडी तशीच चकलांब्याला. आन वाटंत जितकी गावं लागतेत, तितक्यांना सांगत जाईन.”

दोन गाड्या जुंपल्या. भोपळा पुरावा म्हणून माझ्या मांडीवर होता. दिवस मावळायच्या खेळाला आम्ही पोचलो.

“ते रीळ व्हय?” तंबूवाला म्हणाला. “सकाळीच पुढच्या मुक्कामाला गेलं. आज निसता राजा हाय.”

मामा गाडीकडे वळले.

“थांबा,” आत्याबाई म्हणाल्या. “तीनदा पाह्यलंय म्हन्तो ना हा? मंग करून दाखवू दे.”

“कुटं?” मी विचारलं.

“हितं. पडद्याम्होरं.”

खेळाला साथ करणाऱ्या पेटीवाल्याने सूर धरला. मी आठ मिनिटांचं चित्र भरलेल्या तंबूसमोर एकट्याने केलं. मुंडकं हरवलं. हंड्यात शोधलं. कोंबडीखाली शोधलं. (कोंबडीही मीच होतो!) मग भोपळा डोक्यात घातला आणि नाचलो. आरसा नव्हता, म्हणून आबांना समोर उभं केलं. त्यांचा चेहरा पाहून मी बोंब मारली. ती खरी होती.

तंबू कोसळेल असं लोक हसत होते. मी पळायचा भाग उरकला आणि भोपळा काढायला गेलो. भोपळा निघेना. मी ओरडलो, लोकांना वाटलं, हेही चित्रातलंच आहे. त्यांनी टाळ्या दिल्या.

“अडकलाय त्यो!” आई ओरडली.

“मी फोडतो,” मामा काठी सरसावत म्हणाले.

“हळू वो, आत डोकं हाय!”

“आस्तं तर त्यानं घातला आस्ता का?” आबा म्हणाले.

मामांचा नेम या वेळी चुकला नाही. भोपळ्याचे तीन तुकडे झाले आणि मला आत्याबाई दिसल्या. त्या पदर तोंडात कोंबून जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. शेवटी त्यांनी पदर तोंडातून काढला.

“आसल्या घरात भानामती यायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “तिलाच भ्या वाटंल. सोयरीक पक्की.”

कौसाचं लग्न वैशाखात चकलांब्याला झालं. त्या मांडवात मला कळलं, की आत्याबाई आल्या होत्या त्या दोन कामांसाठी: कौसाला पाहायचं, आणि त्यांच्या धाकट्या पुतणीसाठी मला. दुसरं काम त्यांनी तंबूतच सोडून दिलं होतं. पुतणीचं लग्न पुढच्या साली गेवराईकडच्या एका शिक्षकाशी झालं. तो नाचत नाही, याची त्यांनी आधी दोन ठिकाणी चौकशी केली होती.