धोतरावरून आखलेली धावपट्टी

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. मी बाभुळगावजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. पुढेमागे नागपूरच्या विमानतळावर गर्दी होईल, म्हणून आसपासच्या जिल्ह्यांत जादा धावपट्ट्यांसाठी जागा राखून ठेवायचा आराखडा कुठल्याशा कचेरीत चालला होता. आमच्याकडे एसटी दिवसातून एकदा येई, तीही तिच्या मनात आलं तर. पण आमचा माळ मात्र त्या आराखड्यात होता. साहेब जीपमधून आले, माळावर बांबू रोवून त्याला कापडी पिशवी बांधली आणि माझ्या हाती वही दिली. सकाळ, दुपार, संध्याकाळ पिशवी कोणीकडे फुगते ते वर्षभर लिहायचं. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणून पट्टी वाऱ्याच्या रेषेत आखतात, हेही त्यांनी मला समजावून सांगितलं.

उन्हाळा लागेपर्यंत मी इमानानं गेलो. माळ दीड मैल लांब. मग एका दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या, गल्लीत वाळत घातलेलं माझं धोतर ज्या बाजूला उडत होतं, ती दिशा वहीत लिहून टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. पुढे तीच सवय झाली. आमची गल्ली पूर्व-पश्चिम, दोन्हीकडे भिंती. वारा कुठूनही येवो, गल्लीत शिरला की मुकाट्यानं गल्लीच्याच दिशेनं जाणार. शाळेत भूगोल मीच शिकवत होतो.

माळाच्या कडेला एक म्हातारेबाबा राहायचे. त्यांच्या वस्तीनं नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. गावच्या विहिरीवर कुणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत बसणं त्या लोकांनी सोडलं आणि माळालगत आपल्या हातांनी विहीर खणली. शेळ्यांनी बांबू पाडला की बाबा तो पुन्हा रोवत, पिशवी उसवली की शिवत. ‘‘गुर्जी, तुमी आजकाल येत नाही माळावर?’’ असं त्यांनी एकदा विचारलं. शाळेच्या धाब्यावर चढलं की पिशवी दिसते, अशी मी थाप मारली. त्यांनी ती खरी मानली.

वर्ष सरलं. साहेब वही घेऊन गेले आणि पुढे त्यांच्या माणसांनी माळावर चुन्याच्या रेघा मारल्या. पट्टी पूर्व-पश्चिम. विहीर बरोबर रेघेत आली.

संध्याकाळी बाबा माझ्या ओसरीखाली येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

‘‘गुर्जी, माळावर वारा त उत्तरेकडून येते. मी रोज पाह्यतो. पट्टी तशी आखली त आमची विहीर वाचते. तुमच्या वहीत असनच न ते. साहेबाले दाखवा फक्त.’’

विहीर वाचवायला ते माझ्याच वहीचा आधार मागत होते. मला तेव्हाच सांगता आलं असतं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं: वही खोटी आहे, पुन्हा मोजा. नोकरी गेली असती कदाचित, कदाचित नुसता ठपका बसला असता. मी म्हणालो, ‘‘वही वर गेली, बाबा. आता माझ्या हातात काही नाही.’’ इतकं गुळगुळीत खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

पावसाळ्याआधी विहीर बुजवली. वस्तीतल्या बाया पाण्यासाठी नाल्यावर जाऊ लागल्या. विमान काही आलं नाही. आराखडा बदलला म्हणे. चुना पहिल्याच पावसात धुऊन गेला.

माझी बदली झाली तेव्हा बाबा एसटीपर्यंत आले. हातात घडी केलेली ती कापडी पिशवी होती. ‘‘सरकारी वस्तू व्हय, हरवाले नाही पाह्यजे,’’ म्हणून त्यांनी ती मला दिली. मी काहीतरी बोलू लागलो, तर त्यांनीच माझी समजूत घातली.

‘‘तुमी मनाले लावून घेऊ नका, गुर्जी. तुमचा काय दोष? वाऱ्यानंच दगा देल्ला.’’

मी मान डोलावली.