व्याह्यांच्या गाडीचं मागचं चाक

केडगावात पुणे रस्त्याला बाबाजानचं गॅरेज आहे, आणि त्याच्या तोंडाला कुलूप नाही हे गिऱ्हाइकांना चांगलंच ठाऊक. चाक बसवताना कुणी एका कडेने नट आवळत गेला, की तो खेकसायचा, "समोरासमोरचे आवळ रे! चाक वाकडं बसंल." आटे गेलेला बोल्ट दिसला तर गाडी सोडायचाच नाही. एकदा तर एका पुढाऱ्याच्या गाडीची किल्ली त्याने खिशात घातली. "आधी बोल्ट बदला, मंग मतं मागत फिरा," म्हणाला.

असा हा फटकळ गडी आपल्या लेकीच्या, हुमेराच्या पाठवणीला शेळी होऊन उभा होता.

तिला न्यायला संगमनेरहून व्याह्यांची जुनी मोटार आली होती. त्या घरातली प्रत्येक सून याच मोटारीतून आलेली, म्हणून तिचा कोण मान! फुलांच्या माळा सारख्या करायच्या निमित्ताने बाबाजान वाकला. सवयच ती. मागच्या चाकाचा एक बोल्ट मुळातूनच तुटलेला होता. बाकीच्या नटांभोवती गंजाचे ओघळ होते, म्हणजे चाक आत हलत होतं. त्याने एक नट चिमटीत धरला, तर तो नुसत्या बोटांनी फिरला.

त्याने व्याह्यांना बाजूला घेतलं. "भाईसाब, मागलं चाक जरा खोलू का? गॅरेज हितंच हाय. बोल्ट बदलून देतो, लई वेळ न्हाई लागायचा."

व्याह्यांचा आवाज चढला. "आमची गाडी जुनी दिसली व्हय तुमाला? घरच्या समद्या सुना आनल्या हिनं. कुनाच्या बापानं खोड न्हाई काढली!"

वऱ्हाडी वळून बघायला लागले. इमामबीने नवऱ्याची बाही ओढली. "गप ऱ्हावा. लेक नांदायची हाय त्या घरात."

मुलीच्या बापाने बोलावं तरी काय? एक शब्द वर गेला, तर तो हुमेराला जन्मभर ऐकावा लागला असता. आणि गप्प राहावं, तर पुढचा विचार त्याच्याने करवेना. त्याने आशेने जावयाकडे पाहिलं. सैफ बापासमोर मान खाली घालून उभा होता. "निदान पाना तरी द्या, हायेत ते नट आवळतो," असं बाबाजान पुटपुटला, तोवर ड्रायव्हरने गाडी सुरू केलीही होती.

रडून डोळे सुजलेली हुमेरा आत बसली. शेजारी सैफ, पुढे व्याही. खिडकीतून तिने बापाचा हात घट्ट धरला.

"अब्बा, रस्ता लांबचा हाय. चाकं बघितली न्हवं तुमी?"

व्याह्यांनी मान वळवून पाहिलं.

"व्हय पोरी," बाबाजान म्हणाला, "बघितली."

मग हुमेराने त्याचा हात सोडला, डोळे पुसले आणि ती निर्धास्त मागे टेकून बसली.