‘पुसायची’ असं लिहिलेली डिस्क

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. इथे असे अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर मनातल्या मनात टिंगलच केली आहे. माझ्या आयुष्यात जे जे अघटित घडलं त्याच्या मुळाशी गेल्यावर दर वेळी एकच कारण सापडलं — मी स्वतः. मेहुणीच्या लग्नाचं शूटिंग गायब झालं, ते मी उडवलं होतं. एका मुंजीच्या व्हिडिओत मधेच कुणाच्या तरी बारशाची पाच मिनिटं आली, ती मी जोडली होती. त्यामुळे हा प्रकार घडला तेव्हाही पहिला संशय मी माझ्यावरच घेतला. तो अजून पूर्ण गेलेला नाही...

डहाणू स्टेशनच्या पूर्वेला आमचा छोटासा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे माझा आणि रमाकांतचा. रम्या वरोरचा, शाळेपासूनचा दोस्त. डहाणू ते तलासरी पट्ट्यातली लग्नं, हळदी, साखरपुडे आम्ही अठरा वर्षं केले. शूटिंग त्याचं, एडिटिंग माझं. कॅमेरा माझ्या हातात द्यायचा नाही हा त्याचा नियम होता. एकदाच दिला होता, तेव्हा मी अर्धी हळद लेन्सचं झाकण न काढता शूट केली. ते तो मरेपर्यंत चारचौघात सांगत राहिला. अगदी साभिनय.

आता आमच्या कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. रम्याचा आवाज असा, की किनाऱ्यावर उभं राहून समुद्रातल्या बोटीला हाक मारावी. शूटिंग करताना तो गप्प बसायचा नाही. “आजी, इकडे बघा, खाली काय पडलंय?” “मामा, पोट आत घ्या, श्वास सोडू नका.” लोक हसायचे, म्हणून त्याच्या व्हिडिओत चेहरे जिवंत दिसायचे. पण व्हिडिओत कॅमेरावाल्याचा आवाज कुणाला हवा असतो? मी तो ट्रॅक निवडायचा, उडवायचा आणि वर सनई टाकायची. म्हणजे अठरा वर्षं माझं अर्धं काम रम्याचा आवाज कापणं हेच होतं. तो दुकानात आला की विचारायचा, “आज किती वेळा गळा कापलास माझा?”

दुसरी गोष्ट. पार्टीने पेनड्राइव्ह नेला, घरी बसून पाहिला, सगळं आवडलं म्हणाली, की मूळ शूटिंगची डिस्क पुसायची आणि पुढच्या लग्नाला वापरायची. अशा डिस्कवर रम्या दवाखान्यातली पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेनने लिहायचा — ‘पुसायची’. पट्टी नसलेल्या डिस्कला मी हात लावायचा नाही. हा नियम मेहुणीच्या लग्नानंतर झाला.

गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी रम्या गेला. सकाळी छातीत कळ आली आणि गाडी वरोरच्या बाहेर पडायच्या आत सगळं संपलं. एक्कावन्न वर्षांचा होता. त्याला पोचवायला आम्ही निघालो होतो तेव्हा माझा फोन वाजला. तलासरीची पार्टी होती, “रमाकांतभाऊ आहेत का?” मी सवयीने म्हणालो, “बाहेर गेलाय, येईल तासाभरात.” फोन खिशात टाकला आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय बोललो ते. बाजूने चालणाऱ्यांनी ऐकलं होतं.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू होतो. नवा कॅमेरामन ठरवला होता, त्याला रिकामी डिस्क हवी होती. ड्रॉवरमध्ये एकच उरली होती, काळी, काड्यापेटीहून थोडी मोठी एसएसडी. वर पट्टी, ‘घोलवड — पुसायची’, रम्याचं तिरकं अक्षर. मे महिन्यात घोलवडच्या एका चिकूच्या वाडीत लग्न होतं, त्याचं मूळ शूटिंग. ते आम्ही केलेलं शेवटचं मोठं लग्न. हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. पट्टी आहे ना, मग पुसायची. मी फॉरमॅट दाबलं.

मशीन म्हणालं, डिस्क राइट-प्रोटेक्टेड आहे.

म्हणजे यातलं वाचता येईल, पण यावर काही लिहिता येणार नाही आणि पुसताही येणार नाही. एप्रिलमध्ये हीच डिस्क मी स्वतः पुसली होती, तेव्हा तिने हूं की चूं केलं नव्हतं. मी केबल बदलली. पोर्ट बदलला. मग तिच्यावरचं लॉकचं बटण टॉर्च लावून शोधत बसलो. अर्ध्या तासाने आठवलं की तसलं बटण कॅमेऱ्याच्या कार्डला असतं, हिला नसतंच. मग कमांड देऊन लॉक काढायचा प्रयत्न केला. मशीन म्हणालं, काढलं. परत बघितलं तर जसंच्या तसं. तोंडाने हो म्हणायचं आणि करायचं मात्र नाही, थेट रम्याचा स्वभाव. दुसऱ्या दिवशी शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा लॅपटॉप आणला. त्यावर घाईत डिस्कचा नंबर चुकलो आणि मी हौसेने केलेल्या नाटकाच्या रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह साफ केला. म्हणजे माझ्या हातून पुसलं जाणारं जगात बाकी सगळं पुसलं जात होतं. हीच तेवढी नाही.

शेवटी वापीच्या जिग्नेशला फोन लावला. आमच्या पट्ट्यातल्या मेलेल्या डिस्क त्याच्याकडे जातात. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “नंदुभाई, एनो टाइम आवी गयो. एसएसडी मरायला आली ना, की नवीन काय घ्यायचा बंद करते. जे हाय ते फक्त देते. तुमाला काढायचा ते काढून घ्या.”

मी म्हटलं, काढण्यासारखं काही नाही, सगळा कचरा आहे.

शब्द माझेच आहेत. लपवत नाही.

त्याच दुपारी रम्याची बायको, शुभदा वहिनी, दुकानात आल्या. रम्याची कॅमेऱ्याची बॅग घरी होती ती द्यायला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, चहा घेतला, मुलीचं, सायलीचं सांगितलं. तिला दसऱ्यानंतर जवळच्याच कासा गावात नोकरी लागली होती. उठता उठता परत बसल्या.

“भावोजी, यांचा आवाज असेल का हो कुठे?”

मी चहाचे कप उचलायला लागलो.

“चेहरा दिसतो. फोटो आहेत. पण आवाज... परवा आठवायला गेले तर येईचना. ओठ हलताना दिसतात नुसते.”

रम्याने आयुष्यात एक व्हॉइस मेसेज पाठवला नाही. म्हणायचा, रेकॉर्ड केला की नंद्या कापतो. घरात त्याचा एकही व्हिडिओ नाही, कारण कॅमेरा कायम त्याच्याच हातात. अठरा वर्षांची शेकडो लग्नं, प्रत्येकात तो बोललेला आणि प्रत्येकातून मी त्याला काढून टाकलेला. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि टेबलावर त्या अडेल डिस्कचा निळा दिवा लुकलुकताना दिसला. दोन दिवस तिच्याशी मारामारी करत होतो. ती उघडून बघायचं मात्र मला एकदाही सुचलं नव्हतं.

उघडली. पहिलीच क्लिप लावली. चिकूच्या झाडांखाली मांडव, खुर्च्या, कुणाची तरी आजी. आणि स्पीकरमधून — “आजी, इकडे बघा, चिकू नंतर मोजा.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी उगाच माउस पुसत बसलो.

तीन-चार क्लिप पाहिल्या. पुढची काळी निघाली, नुसता अंधार. झाकण लावलेलं आणि कॅमेरा चालू. म्हणजे रम्यानेही तेच केलं होतं! जिवंत असता तर वर्षभर छळला असता मी त्याला. आत लांबून बँडचा आवाज, पाचोळ्यावर पावलं, मग फोनवर बोलणारा रम्या. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. फक्त त्याचं बोलणं आणि मधे रिकाम्या जागा.

“हां, बोल,” रम्या म्हणाला.

वहिनी स्क्रीनकडे नाही, खाली बघत होत्या. हळूच म्हणाल्या, “जेवलात का?”

“नाही गं, अजून मांडवातच आहे.”

“आणि गोळी?”

“घेतली. घेतली म्हणतो ना.”

मला वाटलं, तो फोन वहिनींचाच असणार आणि त्यांना आठवत असणार. बायका रोज हेच विचारतात. पण मग त्या म्हणाल्या, “सायलीला नोकरी लागली. कासाला.”

क्लिपमध्ये क्षणभर शांतता. मग, “अरे वा. आणि मला आत्ता सांगतेस?”

माझा हात माउसवर होता, तो तिथेच राहिला. शूटिंग मे महिन्यातलं. नोकरी लागली दसऱ्यानंतर.

“तुम्ही होतात कुठे,” वहिनी म्हणाल्या.

“इथेच की. नंद्याकडे डिस्क टाकतो, मग बघतो.”

“किती वेळ लागेल?”

“उशीर होईल गं. थांबू नको तू. जेवून घे.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

पावलं, एक खट्ट आवाज, क्लिप संपली.

मी विचारलं, त्या दिवशी फोनवर खरं काय बोलणं झालं होतं? म्हणाल्या, “एवढं कुठे आठवतं, भावोजी. सिलेंडर आला असेल, नाहीतर कुकरची रिंग मिळाली असेल.” मी म्हटलं, पण आत्ता तुम्ही मधे मधे बोललात ते...

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मी बोलले?”

सगळं शूटिंग दोन ठिकाणी कॉपी केलं, एक पेनड्राइव्ह त्यांना दिला. टमटममध्ये बसताना त्यांनी तो मुठीत धरला होता, पर्समध्ये टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डिस्कवरून ती क्लिप मी एकटाच ऐकली. रिकाम्या जागांत काहीही नाही. बँड, पाचोळा, बस्स. मग नेहमीच्या सवयीने उजवं बटण दाबून नवीन फोल्डर केलं. आणि झालं. मुकाट्याने. लॉक गेलं होतं. केबल तीच, पोर्ट तोच, मशीन तेच, पट्टीसुद्धा तीच. दोन दिवस जे सुटावं म्हणून धडपडलो ते सुटलं होतं. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी घाम फुटला, कारण आता ती पुसता येत होती. मी घाईघाईने तेच लॉक परत लावायचा प्रयत्न करायला लागलो. तेही जमलं नाही.

जिग्नेश म्हणाला, “असा नाय होत, नंदुभाई. एकदा लॉक झाली ती गेली. तुमी दुसरी लावली असेल.” माझा एकूण लौकिक बघता त्याचं चूक नाही. नंतर दुसऱ्या एका जाणकाराने आतल्या प्रोग्रॅमचा घोळ असेल म्हणून सांगितलं. असेलही. वहिनींचं बोलणं त्या जागांत बसलं तेही, नवरा-बायकोच्या फोनवर बोलायचं तरी काय असतं, रोज तेच, म्हणून बसलं असेल. पण लॉक रम्या गेल्यावरच का लागलं, आणि आवाज घरी पोचल्यावरच का सुटलं, हे मला अजून कळलेलं नाही.

नवा कॅमेरामन शूटिंग करताना एक शब्द बोलत नाही. कापायला काही नसतं, काम लवकर संपतं. मग मी बसून राहतो.

कोणाला या प्रकाराचं कारण माहीत असेल तर जरूर कळवा. फक्त डिस्क तपासायला पाठवा म्हणू नका. तिच्यावर ‘पुसायची’ लिहिलेलं आहे आणि मला सवय आहे... म्हणून ती मी माझ्याकडे ठेवलेलीच नाही. वहिनींच्या कपाटात आहे.